सिंदखेडचा नातू : यशवंतराव जाधव आणि त्यांचे घराणे
(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यातील भाषण)



आज आपल्या मंदिरावर कलश चढला. पडलेली भिंत उभी राहिली, गळके छत गेले, गाभाऱ्यात उजेड आला. सभामंडपाच्या डाव्या हाताला जी संगमरवरी पाटी बसवली आहे ती सर्वांनी पाहिलीच असेल. कोणी एक पायरी दिली, कोणी खांब दिला, कोणी घंटा दिली. नावांच्या खाली बारीक अक्षरात ‘स्मरणार्थ’ असे लिहिले आहे. बहुतेक नावे आई-वडिलांची, आजा-पणज्यांची आहेत. पण दोन-तीन ठिकाणी आई-बापांनी लेकराच्या स्मरणार्थ दगड दिला आहे. त्या ओळी वाचताना माणसाचा पाय अडतो. मुलाने बापाचे नाव लावावे ही जगाची रीत. बापाने मुलाचे नाव दगडावर लावावे यासारखे दुःख नाही.

म्हणून आजच्या प्रसंगी अशाच एका मुलाची व त्याच्या घराण्याची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. हा मुलगा मोठ्या सरदाराच्या घरचा. मृत्यू आला तोही आपल्या जिल्ह्यात, दौलताबादच्या किल्ल्यावर. त्याचे नाव यशवंतराव जाधव. सिंदखेडचे लखुजीराजे जाधव यांचा तो नातू, दत्ताजीरावांचा मुलगा आणि राजमाता जिजाऊसाहेबांचा भाचा. म्हणजे नात्याने तो शिवछत्रपतींचा मामेभाऊ. शाळेच्या पुस्तकात लखुजीराजांच्या वधाची एखादी ओळ असते आणि तिच्या शेवटी ‘व नातू यशवंतराव’ असे दोन-तीन शब्द असतात. त्या शब्दांमागे काय दडले आहे ते आज पाहू.

सिल्लोडहून भोकरदन, जालना या वाटेने पुढे गेले की सिंदखेड राजा लागते. आज ते बुलढाणा जिल्ह्यात आहे. नकाशात जिल्हे वेगळे, विभाग वेगळे. पण पूर्वी हा सारा मुलूख एका पायवाटेने जोडलेला होता. अजिंठ्याच्या डोंगराची रांग उत्तरेला, खाली पूर्णेचे खोरे, आणि पश्चिमेला दौलताबादचा उभा कडा. घोडेस्वाराला दोन-तीन मुक्कामांची मजल. जाधवांचे घोडे याच मुलखात नाचले.

जाधव हे देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणून ओळखले जातात. बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लम यादवांनी देवगिरीला राजधानी केली. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी आली, आणि पुढे चौदाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत यादवांचे राज्य संपले. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने देवगिरीला राजधानी आणली व गावाचे नाव दौलताबाद झाले. राज्य गेले, पण वंश राहिला. तोच वंश तीनशे वर्षांनी सिंदखेडची देशमुखी सांभाळत, निजामशाहीचे सरदार म्हणून पुन्हा उदयाला आला. ज्या गडावर पूर्वजांचे सिंहासन होते त्याच गडावर आता वंशज मुजऱ्याला जाऊ लागले.

लखुजीराजे हे या घराण्याचे सर्वांत कर्तबगार पुरुष. त्यांच्या पत्नीचे नाव म्हाळसाबाई. फार्सी इतिहासात त्यांना गिरिजाई म्हटले आहे. दत्ताजी, अचलोजी, रघोजी आणि बहादूरजी असे चार मुलगे. आणि कन्या जिजाबाई. परंपरेने जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ चा मानला जातो. दरवर्षी त्या दिवशी सिंदखेड राजा येथे केवढी जत्रा भरते ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेथील राजवाड्याची वेस, रंगमहाल, मोती तलाव, पुतळा बारव ही स्थळे आजही त्या वैभवाची साक्ष देतात.

आता दुसरे घराणे भोसल्यांचे. ते तर आपल्या आणखी जवळचे, वेरूळचे. मालोजीराजे आणि विठोजीराजे हे दोघे भाऊ. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार मालोजीराजांनी केला, आणि अठराव्या शतकात होळकर घराण्यातील स्त्रियांनी ते पुन्हा उभे केले. जीर्णोद्धाराचे काम एका पिढीत संपत नाही हे त्यावरून कळते. शिखर शिंगणापूरला यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होत, तेथे मालोजीराजांनी तळे बांधविले. अशा घराण्यात शहाजीराजे जन्मले.

जाधव आणि भोसले यांची सोयरीक कशी जुळली याची कथा बखरीत आहे. रंगपंचमीच्या दिवशी लखुजीराजांच्या वाड्यात मंडळी जमली होती. लहानग्या जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग उडवू लागले. लखुजीराजे कौतुकाने म्हणाले, जोडा छान शोभतो. मालोजीराजांनी तो शब्द धरला आणि भर बैठकीत सांगितले की आजपासून आपण व्याही झालो. बखरकारांच्या म्हणण्याप्रमाणे पुढे त्यावरून रुसवेफुगवे झाले, मग निजामशहाच्या मध्यस्थीने लग्न लागले. कवी परमानंदांनी ‘शिवभारता’त मात्र लखुजीराजांनी आपणहून शहाजीराजांना मुलगी दिली असे लिहिले आहे. कसेही असो, दोन मोठी मराठा घराणी एक झाली. ही एकी टिकली असती तर पुढचा प्रसंग ओढवला नसता.

प्रसंग हत्तीचा आहे, आणि काळ साधारण १६२३ च्या सुमाराचा मानतात. दौलताबादला निजामशहाचा दरबार संपला. सरदार मंडळी आपापल्या लवाजम्यासह बाहेर पडत होती. घोडे, हत्ती, पालख्या यांची एकच गर्दी उडाली. त्यात खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला. तो माणसे तुडवू लागला, सोंडेने फेकू लागला. दत्ताजीराव जाधव पुढे झाले आणि त्यांनी हत्तीवर हत्यार चालविले. हत्ती आवरणे हाच त्यांचा हेतू. पण ज्याचा हत्ती त्याला अपमान वाटला. खंडागळ्यांच्या बाजूने विठोजीराजांचे मुलगे संभाजी आणि खेळोजी भोसले धावून आले. शब्दाला शब्द लागला. तलवारी निघाल्या. हत्ती बाजूलाच राहिला आणि माणसे माणसांवर तुटून पडली. त्या झटापटीत संभाजी भोसल्यांच्या हातून दत्ताजीराव मारले गेले.

लखुजीराजे पुढे निघून गेले होते. मुलगा पडल्याची बातमी कळताच ते माघारी फिरले. बापाच्या डोळ्यांसमोर काय उभे राहिले असेल ते सांगायला नको. समोर चुलत भावाच्या रक्षणासाठी जावई शहाजीराजे उभे होते. लखुजीराजांनी जावयावरही वार केला. शहाजीराजांच्या दंडाला जखम झाली व ते बेशुद्ध होऊन पडले. मग लखुजीराजांनी संभाजी भोसल्यांना गाठून ठार केले. पुढे निजामशहाने मध्ये पडून लढाई थांबविली. पण थांबायला उरले होते काय?

एका जनावरापायी दोन घरांतील दोन तरणेबांड मुलगे गेले. जिजाऊंचा सख्खा भाऊ मेला, दीर मेला, नवरा जखमी झाला, आणि हे सारे बापाच्या व सासरच्या हातून. कोणत्या घरी रडायला जावे? आणि सिंदखेडच्या वाड्यात दत्ताजीरावांचा मुलगा यशवंतराव बापाविना पोरका झाला. त्याच्या डोक्यावर आता आजोबांचा हात होता.

या ठिकाणी थोडे थांबून विचार केला पाहिजे. हत्ती काही जाधवांचा नव्हता, भोसल्यांचाही नव्हता. ज्याचा होता त्या खंडागळ्यांचे नाव इतिहासात या एका भांडणापुरते उरले. आपल्या गावातही बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, बैल पिकात शिरला म्हणून भांडणे होतात. मूळ कारण विसरले जाते. अबोला मात्र लग्नकार्यापर्यंत आणि मौतीपर्यंत चालतो. भांडण करणारे म्हातारे होऊन जातात, आणि त्याचा हप्ता नातवंडे फेडत राहतात.

याच काळात लखुजीराजे निजामशाही सोडून मोगलांना मिळाले. त्या काळी निजामशाहीचा कारभार मलिक अंबर पाहत असे. हबशी गुलाम म्हणून आलेला हा पुरुष मोठा बुद्धिमान. १६१० मध्ये त्याने खडकी वसविली, तेच आजचे आपले जिल्ह्याचे ठिकाण छत्रपती संभाजीनगर. त्याने जमिनीची प्रतवारी लावून सारा ठरविला, आणि गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले. अशा कारभाऱ्याच्या दरबारात सरदारांची आपापसांतील चढाओढही तेवढीच तीव्र असे.

मोगलांनी जाधवांचे मोल ओळखले. लखुजीराजे, त्यांचे मुलगे, नातू व इतर नातलग या सर्वांना मिळून चोवीस हजार जात व पंधरा हजार स्वार एवढी मनसब होती, अशी नोंद शाहजहानच्या काळातील फार्सी इतिहासात आहे. त्या नोंदीत ‘नातू’ हा शब्दही आहे हे ध्यानात घ्यावे. म्हणजे यशवंतराव आणि त्याची भावंडे ज्या वयात घोड्यावर मांड ठोकायला शिकली, त्या वयातच त्यांची नावे बादशाही हिशेबात धरली गेली. आजोबांचा पराक्रम त्यांच्या पदरात पडला, तसेच आजोबांचे शत्रूही.

१६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीची लढाई झाली. मलिक अंबराच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी लढले. मोगलांच्या बाजूला लखुजीराजे होते. सासरा एकीकडे, जावई दुसरीकडे. मलिक अंबराचा जय झाला, पण शरीफजी धारातीर्थी पडले. भोसल्यांच्या घरी आणखी एक दिवा विझला.

१६२६ मध्ये मलिक अंबर वारला. त्याच्या मागे निजामशाहीला धड कारभारी राहिला नाही. निजामशहा संशयी झाला. त्याच्या कानाशी लागणाऱ्यांचे दिवस आले. तिकडे १६२८ मध्ये दिल्लीच्या तख्तावर शाहजहान बसला आणि दख्खनवर पुन्हा मोगली फौजा येण्याची चिन्हे दिसू लागली. अशा वेळी लखुजीराजे मोगलांना सोडून पुन्हा निजामशाहीकडे आले. आपल्या मुलखात, आपल्या जुन्या धन्याकडे परत यावे असे त्यांना वाटले असावे. पण एकदा सोडून गेलेल्या माणसाविषयी दरबारात किंतु राहतोच. हा पुन्हा जाईल, जाताना आणखी चार सरदार नेईल, असे निजामशहाच्या मनाने घेतले. लखुजीराजांना कैद करावे असा बेत ठरला.

तो दिवस होता २५ जुलै १६२९. तिथी श्रावणी पौर्णिमेची. त्या दिवशी लखुजीराजे दौलताबादच्या किल्ल्यात मुजऱ्याला गेले. बरोबर अचलोजी आणि रघोजी हे दोन मुलगे होते. आणि बरोबर नातू यशवंतराव होता. बापामागे वाढलेला नातू आजोबांबरोबर दरबार पाहायला, रीतिरिवाज शिकायला जातो, यात नवल काही नाही. आजही घरातील कर्ता माणूस कचेरीला, बाजाराला, सोयरिकीला जाताना नातवाला बरोबर घेतो. चार माणसांत कसे उठावे-बसावे ते त्यातून कळते.

दरबारात ठरल्याप्रमाणे हत्यारबंद माणसे त्यांच्यावर चालून आली. कैद होणे जाधवांना मान्य नव्हते. त्यांनी तलवारी उपसल्या. चौघे आणि भोवती किल्ला भरून माणसे. काही क्षणांत सारे संपले. आजोबा पडले, दोन्ही काका पडले, यशवंतरावही पडला. देवगिरीच्या यादवांच्या वंशातील तीन पिढ्या देवगिरीच्याच दगडावर एका दिवशी संपल्या.

फार्सी इतिहासात या मुलाचे नाव ‘बसवंत’ असे उतरले आहे. फार्सी लिपीत ‘य’ आणि ‘ब’ यांत एका नुक्त्याचा फरक. एक टिंब कमी पडले की यशवंतचा बसवंत होतो. मराठवाड्यातील लोकांना याचे आश्चर्य वाटू नये. निजामी अमदानीतील उर्दू दप्तरांत आपल्या आजा-पणज्यांची नावे अशीच एका नुक्त्याने बदललेली सापडतात, आणि वारसाची नोंद करताना वंशजांना पायपीट करावी लागते.  एवढ्या मोठ्या घराण्यातील मुलगा, पण कागदावर नाव आले ते मृत्यूच्या नोंदीपुरते, आणि तेही चुकीचे.

बातमी कळताच म्हाळसाबाई, लखुजीराजांचे बंधू जगदेवराव आणि पुत्र बहादूरजी दौलताबादहून निघून सिंदखेडला पोहोचले. एका बाईने एका दिवसात नवरा, दोन मुलगे आणि नातू गमावला होता. आणखी एक मुलगा आधीच गेलेला. रडत बसायलाही सवड नव्हती. उरलेले घर वाचवायचे होते. पुढे जाधव मंडळी पुन्हा मोगलांच्या आश्रयाला गेली आणि त्यांना मनसबी मिळाल्या. सिंदखेड, देऊळगाव राजा या भागात घराणे टिकून राहिले. देऊळगावच्या बालाजीचे प्रसिद्ध देवस्थान याच घराण्याशी निगडित आहे. अचलोजींच्या वंशात पुढे सेनापती धनाजी जाधव झाले, ज्यांचे नाव ऐकून मोगलांची घोडी पाण्याला तोंड लावीत नसत अशी लोककथा घरोघर सांगितली जाते.

जिजाऊ त्या वेळी गरोदर होत्या. श्रावणी पौर्णिमा हा बहिणीने भावाला ओवाळण्याचा दिवस. त्याच दिवशी दोन भाऊ, वडील आणि भाचा गेला. वडिलांशी वैर आलेले, सासर-माहेर समोरासमोर उभे ठाकलेले. तरी माहेर ते माहेरच. यानंतर सात महिन्यांच्या आतच, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरी किल्ल्यावर त्यांच्या पोटी शिवाजीराजे जन्मले. यशवंतरावाने आपला हा आतेभाऊ कधी पाहिला नाही, आणि शिवरायांनी मामेभाऊ पाहिला नाही. एक दिवा विझतो आणि दुसरा लागतो, मध्ये एवढेच अंतर.

आता ज्याने हे करविले त्या निजामशहाच्या घरी काय झाले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हकीकत अर्धी राहील. लखुजीराजांच्या वधाने शहाजीराजांचे मन निजामशाहीवरून उडाले व तेही काही काळ मोगलांकडे गेले. १६३० ते १६३२ या काळात दख्खनात भयंकर दुष्काळ पडला. माणसे अन्नान्न करून मेली, गावे ओस पडली. त्याच सुमारास मलिक अंबराचा मुलगा फत्तेखान याने निजामशहालाच ठार केले आणि त्याच्या लहान मुलाला गादीवर बसविले. १६३३ मध्ये मोगल सेनापती महाबतखानाने दौलताबाद घेतले, आणि त्या अजाण मुलाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी म्हणून झाली. मग शहाजीराजांनी निजामशाही वंशातील दुसरे एक मूल शोधून पेमगिरी किल्ल्यावर गादीवर बसविले व त्याच्या नावाने तीन वर्षे राज्य चालविले. १६३६ मध्ये माहुलीच्या किल्ल्यावर तेही संपले. ते मूलही मोगलांच्या हाती गेले.

म्हणून ही हकीकत ऐकताना हिंदू-मुसलमान असा रंग तिला देऊ नये. मोगलांच्या सैन्यात जाधव होते, निजामशहाच्या सैन्यात भोसले होते, आणि निजामशहाला मारणारा त्याचाच वजीर होता. मोठ्या माणसांच्या सत्तेच्या खेळात मुले कोणाची सुटली? जाधवांचा नातू दरबारात कापला गेला, निजामशहाचा मुलगा ग्वाल्हेरच्या अंधारात गेला. एकाचा गुन्हा एवढाच की तो लखुजीराजांचा नातू होता. दुसऱ्याचा एवढाच की तो निजामशहाचा मुलगा होता.

जिजाऊंनी हे सारे पाहिले, सोसले. माहेरची माणसे दुसऱ्याच्या दरबारात मुजऱ्याला गेली आणि परत आली नाहीत. सासरची माणसे दुसऱ्याच्या लढाईत पडली. आज निजामशहा, उद्या मोगल, परवा आदिलशहा. धनी बदलत गेले आणि रक्त मात्र आपलेच सांडत राहिले. अशा माउलीच्या मांडीवर शिवराय वाढले. पुढे जे स्वराज्य उभे राहिले त्याची पुष्कळ कारणे इतिहासकार सांगतात. पण ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा शहात्तर वर्षांची ती वृद्ध माता तेथे होती, आणि अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, पाचाड येथे तिने देह ठेवला. आपल्या माणसाला परक्याच्या दरबारात मान खाली घालून जावे लागू नये, हे आईचे मागणे मुलाने पुरे केलेले पाहूनच ती गेली असे म्हटले तर वावगे होणार नाही.

सिंदखेड राजा येथे लखुजीराजांची भव्य दगडी समाधी आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जालन्याकडे जाणे झाले तर जरूर वाट वाकडी करून जावे. जीर्णोद्धाराच्या या सोहळ्यात तर तिची आठवण विशेष करून यावी असे आणखी एक कारण आहे. २०२४ साली भारतीय पुरातत्त्व खात्याने या समाधीच्या परिसरात जतनाचे काम चालविले असता जमिनीखाली दगड लागले. खोदत गेले तर जुन्या शिवमंदिराचा पाया उघडा झाला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात आणखी खाली शेषशायी विष्णूची अतिशय सुंदर मूर्ती मिळाली. भगवान शेषावर पहुडलेले आणि लक्ष्मी पाय चेपीत बसलेली. मूर्तीच्या पाटावर समुद्रमंथनाचा देखावाही कोरलेला आहे. समाधी दुरुस्त करायला गेलेल्या माणसांना देव सापडला. माणसाची आठवण जपायला हात लावला की खालून काय वर येईल ते सांगता येत नाही.

मंडळी, आपल्या मंदिराचे काम सुरू झाले तेव्हाही सारे सुरळीत नव्हते. एका आळीचे लोक दुसऱ्या आळीच्या पारावर बसत नव्हते. वर्गणीच्या पहिल्या बैठकीला निम्मे गाव आले नाही. पण पाया खणताना जुने कोरीव दगड निघाले आणि ते उचलायला दहा माणसे कमी पडू लागली, तेव्हा दोन्ही आळ्यांतील पोरे न बोलावता आली. एका दोराला दोघांनी हात लावला. आज त्याच दगडाची पायरी झाली आहे. वर जाताना प्रत्येकाचा पाय तिच्यावर पडतो. तो पाय कोणत्या आळीचा हे पायरी विचारत नाही.

दौलताबादच्या त्या दरबाराबाहेर कोणी एक वडीलधारा मध्ये उभा राहून म्हणाला असता, “अरे बाबांनो, हत्ती आहे, जनावर आहे, बिथरणारच, तुम्ही तरी शुद्धीवर या,” तर दत्ताजीराव वाचले असते, संभाजी भोसले वाचले असते, दोन घराण्यांतील फाट अशी रुंदावली नसती. पण तेव्हा असे म्हणणारा वेळेवर कोणी निघाला नाही. गावात असा एक तरी माणूस असावा लागतो. मंदिराचा पार त्यासाठीच असतो. देव गाभाऱ्यात असतो, पण समेट पारावर होतो. कलश झाला म्हणजे काम संपले असे न मानता, तो पार मोकळा आणि झाडलेला ठेवावा एवढीच विनंती.

आणि ज्या आई-बापांनी आपल्या लेकराच्या नावाने दगड दिला त्यांना दोन शब्द. यशवंतरावाचे नाव परक्यांच्या दप्तरात एका नुक्त्याने चुकले आणि आपल्या पुस्तकांत ओळीच्या शेवटी राहिले. तुमच्या लेकराचे नाव गावाने देवाच्या दारात, स्वच्छ अक्षरात, चुकू न देता कोरले आहे. कोरण्यापूर्वी ते तुम्हाला दाखवून, वाचून घेतले आहे. येणारा-जाणारा तेथे थांबेल, नाव वाचेल, हात जोडेल. पुढे शे-दीडशे वर्षांनी हे मंदिर पुन्हा जुने होईल आणि गावाला पुन्हा जीर्णोद्धार करावा लागेल. तेव्हाची पोरे हा दगड जपून बाजूला काढतील, पुसतील आणि नाव वाचून विचारतील, हा कोण? त्या वेळी गावात सांगणारे कोणी असावे, म्हणून ही स्मरणिका छापली आहे. घरी नेऊन ती मुलांना वाचून दाखवावी.

 देव सर्वांची लेकरे सुखात ठेवो, आणि कोणाच्याही घरचा नातू आजोबांचा हात सोडून अर्ध्या वाटेवरून न जावो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! हर हर महादेव!